पाटी ज्याच्या दारी

गाडीने ऱ्हाइन नदी ओलांडली आणि इर्मगार्डने पाव-चीजचा डबा काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला लागली पाटी. तिचा चेहरा असा पडला की फोल्करला वाटलं, घराला कुलूप लावायचं राहिलं.

"काय झालं?"

"पाटी," इर्मगार्ड म्हणाली. "पाटी आपल्याबरोबर आली."

मग फोल्करचाही चेहरा पडला. ही पाटी म्हणजे वीतभर लाकडाची फळी, वर सुतळी, आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'झाडूचा आठवडा'. स्टुटगार्टच्या त्यांच्या इमारतीत ती ज्याच्या दारावर लटकेल त्याने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा आणि समोरचा फुटपाथही लख्ख ठेवायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. पाटी ज्याच्या दारी, झाडू त्याच्या हाती. या नियमापुढे आजारपण चालत नाही, बाळंतपण चालत नाही. फोल्करची आई गेली त्या दिवशी इर्मगार्डने आधी जिना पुसला आणि मग ती रडायला बसली.

निघताना तिने पाटी दारावरून काढली होती ती समोरच्या डेटिंगरबाईंच्या दाराला लावण्यासाठीच. तेवढ्यात खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, तिघांची पळापळ झाली आणि पाटी डब्याबरोबर पिशवीत गेली.

"डेटिंगरबाईंना फोन कर," फोल्कर म्हणाला. "म्हणावं, पाटी नसली तरी आठवडा तुमचा."

"आणि जन्मभर ऐकून घेऊ? ती बाई माझ्या मयतीला येऊन सांगेल, 'बाकी चांगली होती हो, पण त्या नाताळात जिना टाकून पॅरिसला पळाली!'"

"आई, आपण सुट्टीवर आहोत," त्यांची सतरा वर्षांची लेओनी खिडकीकडे बघत म्हणाली. "सुट्टी म्हणजे काय, माहितीये ना?"

इर्मगार्डला माहीत नव्हतं, हीच तर खरी अडचण होती. फोल्करने ही सहल त्यासाठीच काढली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायको नुसती बसलेली त्याला आठवत नव्हती. जेवतानाही ती खुर्चीच्या कडेवर टेकलेली असायची, एक डोळा ओट्यावर आणि खांद्यावर फडकं. टॉवर, राजवाडे, चित्रं यांचं फोल्करला काही पडलेलं नव्हतं. इर्मगार्ड कॉफीचा कप घेऊन पाठ टेकून बसली आहे, एवढंच एक चित्र त्याला पाहायचं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, अशा घरात तो वाढला होता.

पॅरिसचं भाड्याचं घर निघालं चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. इमारत मोठी देखणी, पण जिन्यात बोटभर धूळ. दुसऱ्या मजल्यावर एका दारापुढे कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांची टोपली ठेवलेली. इर्मगार्ड पायरीपायरीवर थांबत वर आली. चार मजले चढून फोल्करला धाप लागली होती. तिला लागली नव्हती, पण तिचा आवाज बसला होता.

"इथे माणसं राहतात?"

पुढचे दिवस वाईट गेले. टॉवरवर तिने शहर पाहिलं नाही, कठडा पाहिला. संग्रहालयात सगळे चित्रांपुढे उभे, ही चौकटीवरून बोट फिरवून बघतेय. कॅफेत बसली तर पिशवी मांडीवर घट्ट, आत पाटी. "घरचा जिना तसाच पडलाय," एवढंच म्हणायची. फोल्करने तिच्यासाठी मागवलेली कॉफी गार व्हायची आणि शेवटी तोच प्यायचा. गार कॉफी पिऊन त्याचं पोट बिघडलं.

एकतीस डिसेंबरच्या सकाळी तो उठला तेव्हा इर्मगार्ड स्वयंपाकघरात उभी होती. गाल लाल, बाह्या वर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की काय सांगावं.

"झालं!" ती म्हणाली. "पाटी माझ्याकडे, म्हणजे आठवडा माझा. घरचा जिना नाही तर नाही, इथला केला. वरपासून खालपर्यंत, साबण लावून, बादल्याच्या बादल्या ओतून. दारापुढचा फुटपाथसुद्धा घासला. आता मी मोकळी. आज तू म्हणशील तिथे बसते."

फोल्करला तिला मिठीच मारावीशी वाटली. त्याने एक पाऊल पुढे टाकलंही, आणि तेवढ्यात खालून आधी धप्प असा आवाज आला, त्यामागून कुत्र्याचं केकाटणं, त्यामागून किंकाळी.

त्या वर्षी पॅरिसात हाडं गोठवणारी थंडी पडली होती. बादल्याच्या बादल्या पाणी जिना उतरून खालच्या दगडी बोळात साचलं, दिंडीदरवाज्याखालून रस्त्याकडे निघालं आणि वाटेतच गोठलं. फोल्कर आणि लेओनी खाली पोचले तेव्हा बोळाचा आरसा झाला होता. दुसऱ्या मजल्यावरचे मॉस्यू कास्तेल कालवं आणायची टोपली डोक्यावर उपडी घेऊन बर्फावर बसले होते. पहिल्या मजल्यावरच्या मादाम ब्रेशार भिंतीला पालीसारख्या चिकटल्या होत्या, आणि त्यांचं इवलंसं कुत्रं चारी पाय चार दिशांना पसरून गोल गोल फिरत होतं. दिंडीदरवाजा चौकटीसकट गोठला होता. वर्षाचा शेवटचा दिवस, रात्री घरोघरी कालवांच्या पंगती, आणि इमारतीतून एक माणूस बाहेर पडू शकत नव्हता.

"नळ फुटलाय!" कास्तेल बसल्या जागेवरून गरजले.

"नळच असणार," फोल्कर घाईघाईने म्हणाला. तसं शाळेतलं फ्रेंच त्याला जेमतेम येत होतं, पण खोटं बोलण्यापुरतं पुरलं.

झालं. कुणीतरी तळघरात जाऊन सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलं. आता ना कॉफी, ना अंघोळ. वरच्या मजल्यांवरची माणसं झोपेच्या कपड्यांत खाली आली आणि पहिल्या पायरीवर दाटीवाटीने उभी राहिली. कास्तेल भिंत धरून उठले आणि त्यांनी बोट रोखलं ते थेट मादाम ब्रेशारांवर.

"यांचीच न्हाणी! मागच्या हिवाळ्यातही यांनीच माझी भिंत ओली केली होती."

"तुमची भिंत माझ्या डोक्यावर आहे, मॉस्यू! पाणी वर चढतं का कधी?"

"तुमच्या घरात काहीही होऊ शकतं!"

मादाम ब्रेशार एकट्या राहायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कुत्र्याला उचलून छातीशी धरलं.

"काय चाललंय?" मागून इर्मगार्डने विचारलं. ती कधी खाली आली ते फोल्करला कळलंच नव्हतं.

"काही नाही. तू वर जा," फोल्कर म्हणाला.

"पाणी कुठून आलं म्हणून भांडतायत," शाळेत चांगलं फ्रेंच शिकलेल्या लेओनीने मात्र सांगून टाकलं. "त्या म्हातारीवर आळ आलाय."

फोल्करने डोळे मिटले. पंचवीस वर्षांच्या संसारात इर्मगार्डने दुसऱ्याच्या माथी आपलं खापर फुटू दिलं नव्हतं.

"लेओनी, सांग त्यांना, पाणी मी ओतलं. सांग, मी जिना धुतला."

लेओनीने सांगितलं.

"धुतला?" कास्तेलना खरंच समजेना. "का?"

"घाण होती म्हणून," इर्मगार्ड म्हणाली. "आणि या म्हाताऱ्याला सांग, त्याच्या दारातल्या शिंपल्यांचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो."

"आई म्हणते, तिला फार वाईट वाटतंय," लेओनीने भाषांतर केलं.

"पण तुम्ही पाहुण्या! तुम्हाला सांगितलं कुणी?"

इर्मगार्डने पिशवीतून पाटी काढून समोर धरली. लेओनीने सगळं समजावून सांगितलं: फळी, सुतळी, आठवडा, डेटिंगरबाई. आता ही माणसं हसणार, आणि आई पुन्हा कधी घर सोडणार नाही, या भीतीने तिने शेवटचं वाक्य अगदी हळू आवाजात सांगितलं.

कुणी हसलं नाही. पाटी हातोहात फिरली. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने सुतळी ओढून पाहिली.

"म्हणजे ही ज्याच्या दारावर, त्यानेच झाडायचं?" मादाम ब्रेशारांनी डोळे पुसत विचारलं.

"त्यानेच."

"आणि नाही म्हणता येत नाही?"

"आजवर कुणी म्हटलं नाही," इर्मगार्ड म्हणाली.

मादाम ब्रेशारांनी कुत्रं लेओनीच्या हातात दिलं, पाटी काखेत मारली आणि आपल्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने जिना चढून त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. वरून पाटी कास्तेलांच्या दारावर आपटल्याचा आवाज आला. पायरीवरच्या साऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कास्तेल काहीतरी बोलणार होते, पण पुन्हा घसरले.

मग बर्फ वितळवायला घरोघरचं जाडं मीठ आलं, दाराला धक्के बसले आणि कशीबशी इमारत मोकळी झाली. कालवं मिळाली, फक्त उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोल्करला जाग आली ती झाडूच्या आवाजाने. खर्र, खर्र. शेजारचा पलंग रिकामा. नवं वर्ष आणि तेच रडगाणं! तो तसाच अनवाणी बाहेर धावला.

इर्मगार्ड खिडकीशी खुर्चीत बसली होती. कॉफीचा वाफाळता कप हातात, पाठ टेकलेली, पाय समोरच्या स्टुलावर.

"मग झाडतंय कोण?"

"कास्तेल," ती म्हणाली. "कोपरे सोडतोय. पण मी काही बोलणार नाही."

फोल्कर तिच्याकडे बघतच राहिला. "आणि पाटी? घरी न्यायला नको? डेटिंगरबाई..."

"पाटी ज्याच्या दारी, झाडू त्याच्या हाती. नियम नियम आहे. आता आठवडा पॅरिसचा. करू दे डेटिंगरबाईला काय करायचंय ते." तिने क्रोसाँचा तुकडा तोडला. चुरा मांडीवर पडला, टेबलावर पडला, जमिनीवर पडला. तिने तिकडे पाहिलंही नाही.

फोल्कर समोरच्या खुर्चीवर बसला. ज्या चित्रासाठी त्याने एवढा खटाटोप केला होता ते समोर होतं, आणि त्याचे डोळे भरून आले. मग टेबलावरच्या चुऱ्याकडे त्याची नजर गेली. तिथून ती जमिनीवरच्या चुऱ्याकडे गेली. तो हळूच उठला आणि ओट्यावरचं फडकं घेऊन आला.

"फोल्कर," इर्मगार्ड खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बस रे जरा. सुट्टीवर आलोय ना आपण?"