मावेल तेवढा मैदा

मिहिर कर्णिकने प्रियंकाला दोन वर्षांत पदार्थांचे जेवढे फोटो पाठवले, त्यातला एकही पदार्थ त्याने केलेला नव्हता. भरली वांगी आईची, कोथिंबिरीच्या वड्या आईच्या, दिवाळीतली नानकटाईही आईचीच. फोटोखालचं "आज मूड आला म्हणून केलं" एवढंच काय ते त्याचं स्वतःचं. आता प्रेमात माणूस थोडंफार खोटं बोलतो, मान्य. पण पचेल असं तरी बोलावं! प्रियंका हॉस्पिटलात नर्स, ड्युट्या आडव्यातिडव्या, आणि घरी असली तर चहासुद्धा करपवून दाखवणारी. तिने ते फोटो मोठ्या कौतुकाने आपल्या आईला दाखवले. आई म्हणजे द्रौपदीबाई, महापालिकेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका.

"फोटो कोणीही पाठवतं," द्रौपदीबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी मुलाकडच्यांसाठी मी पोहे केले होते. आता मुलाने करायचे. एक तिखट, एक गोड. त्याच्या हातचं खाल्ल्याशिवाय मी काही हो म्हणणार नाही."

हा निरोप फोनवर देताना प्रियंकाला हसू आवरत नव्हतं. "तुला काय यार, डाव्या हाताचा मळ! दडपे पोहे कर आणि ती नानकटाई कर ना. आईचा जीव आहे नानकटाईवर. स्वतःची सोडून दुसऱ्या कोणाची तिला आवडतच नाही. विकतची तर ती नुसत्या वासावरून ओळखते."

"करतो ना, त्यात काय," मिहिर म्हणाला, आणि फोन ठेवून तडक आईपुढे जाऊन उभा राहिला.

वसुधाबाईंनी पोराची आधी बिनपाण्याने केली. पण शेवटी आईच ती. रविवारी संध्याकाळी पाहुण्या येणार, तर शनिवारी आपण सगळं करून ठेवायचं, मिहिरने फक्त बश्या आणायच्या, असं ठरलं. बेत झकास होता. फक्त शुक्रवारी रात्री वसुधाबाईंची अक्कलदाढ ठणकायला लागली, आणि शनिवारी सकाळी डॉक्टरांनी हिरडी कापून ती काढली, टाके घातले, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि सांगितलं, "दोन दिवस बोलायचं नाही. कडक तर काही चावायचंच नाही."

वसुधाबाई घरी आल्या त्या एका बाजूने भोपळा होऊन. मिहिरच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, नानकटाईचं काय?"

वसुधाबाईंनी मोबाइल घेतला, डोळे मिटत मिटत चार ओळी टाइप केल्या, दुखण्याची गोळी घेतली आणि पांघरूण ओढून घेतलं. मिहिरच्या फोनवर मेसेज आला होता. 'तूप फेस. पिठीसाखर घाल. जायफळ किस. मावेल तेवढा मैदा घालून मळ. बेकरीत दे.'

मदतीला होते वडील, श्यामकांत. विमा कंपनीतून निवृत्त. पॉलिसीतला शब्द न् शब्द वाचून लोकांचे दावे नाकारण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चष्मा पुसून मेसेज दोनदा वाचला.

"बाबा, मावेल तेवढा म्हणजे किती?"

"स्पष्ट लिहिलंय की. मावेल तेवढा. कशात मळणार आहेस?"

"परातीत."

"मग परातीत मावेल तेवढा."

"एवढा? अहो, परात केवढी आहे!"

"हे बघ, शब्द 'मावेल' असा आहे. 'लागेल' असता तर गोष्ट वेगळी. मजकुराच्या बाहेर जायचं नाही."

मावेल तेवढा म्हणजे तुपात मावेल तेवढा, फेसलेलं तूप आपल्या पोटात घेईल तेवढा. हे बायकांना कोणी शिकवावं लागत नाही आणि पुरुषांना कोणी सांगत नाही, त्यामुळे घराघरांतून असले प्रसंग व्हायचेच. घरातला मैदा संपला. मिहिर वाण्याकडे धावला, आणखी दोन पिशव्या घेऊन आला. परात काठोकाठ भरली तेव्हा श्यामकांत समाधानाने म्हणाले, "मावला."

तूप त्या ढिगाखाली कुठे गेलं ते कळेना. हाताला नुसती कोरडी वाळू लागत होती.

"बाबा, हे मळलं जात नाही."

"तूप घाल अजून."

होतं नव्हतं तेवढं तूप गेलं. मग साखर कमी पडली. पिठीसाखर संपली होती, म्हणून साधी दाणेदारच साखर घातली. तरी गोळा होईना, तेव्हा श्यामकांतांनी दुधाची पिशवी फोडली, आणि मग मात्र गोळा झाला. बापलेकांनी आळीपाळीने तो असा तिंबला, की पोळ्यांच्या कणकेलाही असं कोणी तिंबत नसेल. जायफळ श्यामकांतांनी स्वतः किसलं. "फार कडक आहे रे," ते घाम पुसत म्हणाले. "पण किसलं मी."

तिसऱ्या प्रहरी वसुधाबाई उठून आल्या. परातीवरचा तो डोंगर बघून त्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. "ऊंऽऽऽ!" मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि टाइप केलं, 'तुपात!! परातीत नाही!!'

मिहिर मटकन खाली बसला. वसुधाबाईंचं लक्ष तोवर ओट्यावरच्या डबीकडे गेलं होतं. त्या डबीत जायफळ आणि पूजेची सुपारी शेजारी शेजारी असत. त्यांनी डबी श्यामकांतांच्या नाकासमोर धरली. जायफळ जागच्या जागी होतं.

"मग मी काय किसलं?" श्यामकांतांनी विचारलं.

वसुधाबाईंनी डबीतल्या सुपारीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"आई, वाट लागली माझी," मिहिरचा आवाज रडवेला झाला. "विकतची आणू? पण प्रियंकाची आई वासावरून ओळखते गं! आणि बेकरीवाला दादू सातनंतर पीठ घेत नाही."

वसुधाबाईंनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार बिचाऱ्या? मिहिरने डोंगरातलं डबाभर पीठ काढलं आणि तो निघाला.

दिवाळीच्या तोंडावर दादूच्या बेकरीत घाटकोपर पूर्वेतली निम्मी घरं आपापलं पीठ घेऊन येतात. आपण डबा द्यायचा, आतली माणसं नानकटाया वळून ट्रेमध्ये मांडतात, ट्रेला आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवतात, सकाळी आपला माल आपण न्यायचा. मिहिर गर्दीतून पुढे सरकला. दादूने डबा घेतला, पीठ बोटाने दाबून पाहिलं, आणि मिहिरकडेही एकदा पाहिलं.

"नाव?"

तेवढ्यात मिहिरचा फोन वाजला. "प्रियंका! हां, बोल ना!"

दादूने चिठ्ठीवर 'प्रियंका' लिहिलं आणि डबा आत सरकवला.

रविवारी सकाळी मिहिर पुन्हा काउंटरपाशी उभा राहिला, तो रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी.

"कर्णिक नाही," दादू चिठ्ठ्या चाळत म्हणाला. "मिहिर पण नाही. भाऊ, तू दुसऱ्या बेकरीत दिलं असशील."

"अरे, तुलाच दिलं! तूच नाव विचारलंस, तेव्हा मी फोनवर..." मिहिर थांबला. "प्रियंका बघ जरा."

"असं सांग ना मग! लाजतो काय नावाला?" दादूने हाताला लागला तो ट्रे ओढून डबा भरून दिला.

घरी डबा उघडला तेव्हा तिघंही बघत राहिले. बदामी रंग, वर नाजूक भेगा, आणि जिभेवर ठेवताच विरघळणारी नानकटाई. श्यामकांतांनी डोळे मिटून एक खाल्ली.

"सुपारी लागतच नाहीये."

"भट्टीत उडाली असेल, बाबा."

"आणि साखरेचे दाणे?"

"बाबा, प्लीज. देव पावतोय तर पावू द्या ना त्याला!"

वसुधाबाईंनी वास घेतला आणि संशयाने मान हलवली. पण त्यांना बोलायची बंदी होती.

संध्याकाळी द्रौपदीबाई आणि प्रियंका आल्या. द्रौपदीबाईंची साडी कडक इस्त्रीची, हातात कापडी पिशवी, आणि नजर अशी की श्यामकांत विनाकारण उठून उभे राहिले. वसुधाबाईंनी हात जोडले आणि गालाचा भोपळा सांभाळत हसायचा प्रयत्न केला. आईच्या खुणांवर मिहिरने कालवलेले दडपे पोहे खाऊन झाले. "मीठ बरोबर आहे," द्रौपदीबाई म्हणाल्या. मिहिरने रिकाम्या बश्या उचलल्या. मग त्याने नानकटाई आणली.

द्रौपदीबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. हातातल्या नानकटाईकडे पाहिलं, दुसरा तुकडा खाल्ला.

"अगदी माझ्यासारखी झाल्ये रे," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दुसऱ्या कोणाची नानकटाई आवडली."

प्रियंकाने मिहिरला डोळा मारला. द्रौपदीबाईंनी आता पिशवीतून डबा काढला. "आम्ही पण तीच आणल्ये. येताना प्रियंकाने दादूच्या भट्टीवरून उचलली, मी अजून चाखलेली नाही. ताई, पहिली तुम्ही घ्या."

वसुधाबाईंनी गालाला हात लावला आणि मान हलवली. "ऊं हूं."

"आईची दाढ काढलीय," मिहिर घाईने म्हणाला. "तिला काही चावायला..."

"असू दे," द्रौपदीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्यासारखा झाला. "आमचं आडनाव कळलं, की आमच्या डब्यातलं खायच्या वेळी बऱ्याच जणांच्या दाढा दुखतात. कोणाला उपास असतो. सवय आहे मला."

"आई!" प्रियंका ओरडली.

मिहिरला म्हणायचं होतं की तसं नाही हो काकू, खरंच टाके आहेत; पण तसं म्हणणारेही त्यांनी पाहिले असतील. तेवढ्यात वसुधाबाई उठल्या. त्यांनी तोंडातला बोळा काढून टाकला, द्रौपदीबाईंच्या डब्यातली सगळ्यात मोठी नानकटाई उचलली आणि चांगल्या बाजूच्या दाढेखाली धरली.

कडाक्!

असा आवाज आला, की प्रियंका नर्सच्या सवयीने पुढे धावली. वसुधाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण त्या चावत राहिल्या. द्रौपदीबाईंनी घाबरून दुसरी नानकटाई तोडायला घेतली, तर ती तुटेना. बशीवर आपटली, तर बशीचाच टवका उडाला.

"अगं बाई! हे काय झालं?" त्यांनी वसुधाबाईंपुढे हात केला. "ताई, टाका ते! माझ्या हातून असं कधी नाही हो झालं. दोन दिवस जीव टांगणीला होता माझा. आपली वस्तू पहिल्यांदा या घरात जाणार, नाव ठेवायला जागा नको, म्हणून तूप घरी कढवलं मी. आणि हे असं?"

श्यामकांतांनी एव्हाना एक तुकडा चघळायला घेतला होता. त्यांनी मिहिरकडे बघितलं आणि न बोलता फक्त ओठ हलवले, "सुपारी!"

मिहिरला सगळं कळलं. गप्प बसला तर लग्न ठरलंच होतं. द्रौपदीबाई खाली मान घालून डब्याचं झाकण लावत होत्या, आणि त्यांच्या हातून ते लागत नव्हतं.

"काकू, हे माझे दगड आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"डबा तुमचा आहे, आतले दगड माझे. दादूने नाव विचारलं आणि मी प्रियंका म्हणालो. म्हणजे फोनवर म्हणालो. तुमच्या ट्रेवर पण प्रियंकाच असणार. आणि सुपारी लागत्ये ना, ती बाबांनी किसली. बशीतली नानकटाई तुमची आहे."

"आपलीच सुपारी फुटली म्हणायची," श्यामकांत वातावरण हलकं करायला म्हणाले, आणि कोणीच हसलं नाही तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

द्रौपदीबाईंनी बशीतली नानकटाई उचलली, पुन्हा एक तुकडा खाल्ला. "म्हणजे ही माझी! प्रियंका, माझा हात नाही गं बिघडला!" मग त्यांनी चष्म्यावरून मिहिरकडे पाहिलं. "आणि ते फोटो?"

"आईचे."

"सगळे?"

"सगळेच."

"तुला स्वयंपाक येत नाही."

"नाही."

प्रियंकाने मिहिरकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, आता आई आणि मुलगी दोघीही गेल्या हातच्या. त्याने मान खाली घातली. पण द्रौपदीबाईंचं लक्ष आता वसुधाबाईंकडे होतं. त्यांच्या गालात अजून काहीतरी घोळत होतं.

"अहो ताई, तुम्ही अजून चावताय? टाके आहेत ना तुम्हाला? टाका ते!"

दोन दिवसांत पहिल्यांदा वसुधाबाई बोलल्या. जीभ जड होती, पण शब्द कळले.

"तुमच्या घरचं म्हणून गिळत होते. मिहिरचं आहे होय? मग थुंकते."

आणि त्या खरोखरच उठून बेसिनपाशी गेल्या.

द्रौपदीबाईंना जे हसू फुटलं, ते थांबेचना. पदराने डोळे पुसत त्या वसुधाबाईंच्या मागोमाग गेल्या, चूळ भरायला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने वळल्या तेव्हा मिहिर अजून तसाच, मान खाली घालून उभा होता.

"मुलगा साफ नापास आहे," त्या म्हणाल्या. "पण सासू फर्स्ट क्लास आहे. जा, तुला एटीकेटी दिली."