फैजपूरच्या पुढचं स्टेशन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले साळवेकाका कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. 'व्हर्जन कितवं?' असं विचारतात. आम्ही सावेडीत राहायला आलो त्या दिवशी माझे यजमान गॅसची टाकी खांद्यावर घेऊन धापा टाकत जिना चढत होते. काकांनी दार किलकिलं केलं आणि पहिला प्रश्न हाच टाकला. यजमानांना वाटलं टाकीबद्दल विचारतायत. ते म्हणाले, अर्धी आहे. काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि दार लावून घेतलं.

पुढे कळलं की काका ईमेलला कुलूप लावायचं सॉफ्टवेअर वापरतात. आपण लिहिलेलं पत्र ज्याला पाठवलं त्यालाच वाचता यावं, मधल्या कुणाला नाही, यासाठी ते असतं म्हणे. गोष्ट चांगली आहे, नाही कोण म्हणतं? पण कुलूप दोन्हीकडे लागतं. म्हणजे समोरच्याकडेही तेच सॉफ्टवेअर पाहिजे. त्यासाठी काका अख्ख्या बिल्डिंगच्या हात धुऊन मागे लागले होते. शेवटी मी बळी पडले. शाळेत शिकवते, तेव्हा मला हे जमेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. एका रविवारी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर ते बसवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली कुलूपबंद मेल आली. मी पासवर्ड विसरले, पुन्हा केला, पुन्हा चुकला, भाजी करपली, आणि दुपारी कधीतरी ती मेल उघडली. आत लिहिलं होतं, 'नळाला पाणी आलंय.' तोवर ते येऊन गेलेलं होतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हे नगरकरांना सांगायला नको.

मी तणतणत गेले, तर काका थंड. म्हणाले, "बाई, पाणी परवा परत येईल. गुपित एकदा फुटलं की फुटलं."

त्यांचंही खरंच होतं म्हणा. काकांची सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून लोकांच्या लायनी जोडायच्या. लाइन नीट लागली का हे बघायला थोडं ऐकावंच लागे, आणि थोडं ऐकलं की माणूस पुढचंही ऐकतो. कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाला फसवतंय, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. तेव्हापासून माणसानं कुलूप लावल्याशिवाय तोंड उघडू नये, असं त्यांचं ठाम मत झालं. त्या नोकरीत एक कान मात्र कायमचा अधू झाला, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. म्हणजे मेलला कुलूप आणि फोन अख्ख्या जिन्याला ऐकू.

रोज सकाळी चहा झाला की काका चालू व्हर्जन शोधायला बसतात. हे सोपं नाही. एक खरी साइट असते आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या चार खोट्या. खोट्या साइटवर मोठ्ठं हिरवं बटण असतं. "बटण जेवढं मोठं, तेवढा चोर मोठा," हे काकांचं वचन. मग तारीख बघायची, आकडा बघायचा, आणि त्याच्यापुढे बीटा लिहिलंय का ते बघायचं. बीटाला ते हात लावत नाहीत. "बीटा म्हणजे नुसता साखरपुडा झालाय. मोडूही शकतं. पोरगी नांदायला आली की मग सांगा."

एवढं करून फाइल उतरवली तरी समाधान नाही. प्रत्येक फाइलची आकड्या-अक्षरांची एक लांबलचक खूण असते. ती जुळली तर फाइल अस्सल. जुळवायचं काम खरं तर कॉम्प्युटर क्षणात करतो, पण काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. त्यासाठी ते काष्टीला फोन लावतात. तिथे त्यांचा धाकटा भाऊ, शांतवन. त्यानंही तीच फाइल उतरवायची, आणि मग दोघांनी आपापली खूण मोठ्यानं वाचायची.

हा सोहळा मी खूपदा ऐकलाय. अक्षरं वाचायची ती ट्रंक एक्स्चेंजच्या पद्धतीनं, गावांच्या नावांनी. ए अहमदनगर, बी बारामती, सी चाळीसगाव, डी दौंड, ई एरंडोल, एफ फैजपूर. या खुणेत एफच्या पुढचं अक्षर नसतंच. "आपली गाडी फैजपूरच्या पुढं जात न्हाई," असं काका सांगतात. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा त्यांना दोन दिवस काळजी होती, मग लक्षात आलं की अहिल्यानगरचाही ए-च. तेव्हा मला पेढा मिळाला होता.

"सात, दौंड, दौंड, तीन," काका वाचत. "सात, दौंड, दौंड, तीन. बरोबर," तिकडून शांतवन. शेवटचा आकडा जुळला की काका म्हणत, "जुळलं." शांतवन म्हणे, "जुळलं." आणि फोन खट्‌कन बंद. बरा आहेस का नाही, पाऊस पडला का नाही, काही नाही.

मला ते खटकायचं. नाताळच्या करंज्या द्यायला काका आले तेव्हा मी विचारलंच. तेव्हा कळलं, की शांतवनच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका काकांना मोबाइलवर आली होती. सख्ख्या मोठ्या भावाला फॉरवर्ड! काका लग्नाला गेले नाहीत. दादा लग्नाला आला नाही म्हणून शांतवननं बोलणं टाकलं. काकू आधीच वारलेल्या, मूलबाळ नाही, आणि उरलेला एक भाऊ असा. पण पुढच्या महिन्यात नवीन व्हर्जन आलं. काकांनी फोन केला आणि सांगितलं की हे बोलणं नाही, हे सुरक्षेचं काम आहे. शांतवनला ते पटलं. तेव्हापासून दोघं हे सॉफ्टवेअर नेमानं ताजं ठेवतात, आणि त्यातून एकमेकांना एक ओळही पाठवत नाहीत. कपाळाला हात लावावा की हसावं, तुम्हीच सांगा.

यंदा उन्हाळ्यात नवीन व्हर्जन येईचना. काका सकाळी बघत, दुपारी बघत. एकदा मलाच म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतंय का बघा, माझ्यापासून लपवत असतील. मी चेष्टा केली. मग काष्टीहून बाजार करून आलेल्या एका नातेवाइकानं सांगितलं, शांतवनच्या छातीत दुखलं, त्याला पुण्याला नेलंय, स्प्रिंग टाकायची म्हणतात.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे येऊन बसले. दाढी केलेली नव्हती. मी चहा ठेवला आणि म्हटलं, अहो, फोन करा ना.

"फोन करून काय म्हणू?" काका म्हणाले. "व्हर्जन तर आलेलं न्हाई."

मला असा राग आला! म्हटलं, चुलीत गेलं तुमचं व्हर्जन, भाऊ आहे तो तुमचा. काका हातातला मोबाइल उलटा-सुलटा करत राहिले. त्यांना भीती वाटत होती, तो उचलणार नाही याची. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि आपण उगाच ओरडलो असं मला झालं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सवयीनं स्पीकर लागला.

"दादा," आवाज शांतवनचा, पण पार खोल गेलेला. मागे कुठलंसं यंत्र टुकटुक करत होतं, आणि एक बाई त्याला जास्त बोलू नका म्हणत होती. "दादा, नवीन व्हर्जन आलंय. जुळवून घ्यायचं का?"

काकांचा कॉम्प्युटर समोरच्या बंद फ्लॅटमध्ये. शांतवन दवाखान्यात पलंगावर. आणि नवीन व्हर्जन आलेलं नव्हतं, हे काकांइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"वाच," काका म्हणाले.

"चार, बारामती, नऊ."

"बरोबर."

"अहमदनगर, अहमदनगर, दोन."

"बरोबर हाय." काका चहाच्या कपाकडे बघत होते.

शांतवन थांबला. त्याला दम लागला होता. मग म्हणाला, "के. काष्टी."

गाडी फैजपूरच्या पुढे गेली होती. खोटं कशाला सांगू, मला पुढचं नीट दिसेना. पदर डोळ्यांना लावला.

"जुळलं," काका म्हणाले. "जुळलं रे शांत्या. येतोय मी."

चहा तसाच टाकून उठले. स्टँडवर पुण्याची गाडी लगेच मिळेल का, एवढंच विचारलं, आणि घरात जाऊन पिशवी घेऊन निघालेसुद्धा. दार सताड उघडं, आत कॉम्प्युटर उघड्यावर, किल्ली दाराला लोंबत होती. कुलूप मीच लावलं.