तीन माणसांची संध्याकाळ

"हे बघा, काहीही करायचं नाही," बायको म्हणाली. "सरबताचा पाक मी करून ठेवलाय. तुम्ही एक कलिंगड आणा आणि गार करत ठेवा. गॅलरीत बसायचं, गप्पा मारायच्या. ती, मी आणि तुम्ही. संपलं."

"संपलं," चष्मेवाले म्हणाले.

"आणि मी जे सांगितलं नाही, ते करायचं नाही."

"मी कधी करतो?"

बायको इस्पितळात नर्स होती. गोळी उशीखाली लपवून "घेतली की" म्हणणाऱ्या रोग्याकडे ती ज्या नजरेने बघायची, त्याच नजरेने तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पर्स उचलून निघाली. आधी बाजारातली कामं, मग स्टेशन. तिथे लांबडी यायची होती.

लांबडी म्हणजे नर्सिंगच्या वसतिगृहातली तिची खोलीतली मैत्रीण. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते फक्त तिच्या नवऱ्याला आणि सरकारला ठाऊक. ती फार दूर राहायची. आता कुठल्याशा लग्नाहून परतताना तिला इथे गाडी बदलायची होती, आणि दोन गाड्यांच्या मधली एक संध्याकाळ मोकळी होती. तेवढ्यासाठी बायकोने आपली दिवसपाळी देऊन रात्रपाळी घेतली होती. लांबडीला गाडीत बसवून ती तशीच परस्पर कामावर जाणार होती.

चष्मेवाल्यांनीही त्या दुपारी दुकान बंद ठेवलं होतं. त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लांबडीचा फोन आला की बायको आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि मग तिथून एक हसू ऐकू यायचं. हे हसू घरात एरवी कधी निघत नसे. चष्मेवाले बाहेर टीव्हीचा आवाज बारीक करून ते ऐकत बसायचे. इतकी वर्षं दाराआडून ऐकलेलं ते हसू आज समोर बसून ऐकायला मिळणार होतं. लग्नाआधीची आपली बायको कशी होती, हे सांगू शकणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते आज आपल्या गॅलरीत बसणार होतं.

गॅलरी झाडून झाली आणि त्यांच्या लक्षात आलं की तिथे खुर्च्या दोनच आहेत. तिसरं म्हणजे स्वयंपाकघरातलं स्टूल. आपण स्टुलावर बसावं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना पसंतही पडला. तेवढ्यावर थांबते तर पुढचं काही घडलं नसतं. पण मग त्यांना वाटलं, आपण स्टुलावर बसलो तर लांबडी म्हणणार, "अहो, तुम्ही खुर्ची घ्या." मग बायको उठणार. म्हणजे अख्खी संध्याकाळ उठाबशीत जाणार. ते खालच्या काकांकडे एक खुर्ची मागायला गेले.

खालचे काका निवृत्त स्टेशनमास्तर होते. त्यांच्याकडे वेताच्या चार सुंदर खुर्च्या होत्या.

"एक कशाला? चारही न्या," काका म्हणाले. "जोड तोडू नये. पाहुणे किती वाजता येणार?"

"सहाच्या सुमारास. पण काका, एकच पुरे."

"मग तीन रिकाम्या ठेवा. वेळेवर लागल्या तर शोभा नको."

काकांनी स्वतः दोन खुर्च्या जिना चढवून दिल्या. वर आल्यावर त्यांनी गॅलरीतला वारा अंगावर घेतला, घाम पुसला आणि विचारलं, "आता आम्ही दोघांनी संध्याकाळी कशावर बसायचं?"

या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं होती. एक म्हणजे खुर्च्या परत नेणं. काकांचा श्वास अजून वर-खाली होत होता, ते बघून चष्मेवाल्यांनी दुसरं उत्तर दिलं. "या की तुम्ही आणि काकू. सरबत घ्यायला."

"येतो," काका म्हणाले. "सहाला."

माणसं पाच झाली. पाच माणसांना एक कलिंगड म्हणजे कंजूषपणा. चष्मेवाल्यांनी दोन घेतली आणि दोन्ही काखांत एकेक धरून ते परतत असताना वाटेत दातांचे डॉक्टर भेटले. डॉक्टरांचा दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या बरोबर वर होता. "आपण दोघांनी मिळून गावाचा अर्धा चेहरा सांभाळलाय," असं ते नेहमी म्हणायचे.

"दुकान बंद, दोन कलिंगडं," डॉक्टर म्हणाले. "मोठा बेत दिसतोय."

"छे छे. घरगुतीच आहे."

"घरगुती आहे म्हणजे आम्ही परके, असंच ना?"

दोन्ही काखांत कलिंगडं असलेल्या माणसाला हात जोडता येत नाहीत, खांदे उडवता येत नाहीत आणि घड्याळाकडे बघून घाईही दाखवता येत नाही. त्याला फक्त तोंड वापरता येतं. चष्मेवाल्यांचं तोंड आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणालं नव्हतं.

"या ना डॉक्टर," ते म्हणाले. "वहिनींनाही आणा."

घरी आल्यावर असं दिसलं की फ्रिजमध्ये कलिंगड एकच मावतं. दुसरं घेऊन ते समोरच्या घरी गेले. समोरच्या वहिनींनी ते आनंदाने ठेवून घेतलं. त्यासाठी त्यांना आपल्या फ्रिजमधली अर्धी भाजी बाहेर काढावी लागली, आणि ती त्यांनी काढली, एक शब्द न बोलता. एक शब्द न बोलणाऱ्या शेजाऱ्यांचं ओझं बोलणाऱ्यांपेक्षा जास्त असतं.

"संध्याकाळी तुम्हीही या," चष्मेवाले म्हणाले. "सासूबाईंनाही आणा."

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. "लग्न कुणाचं आहे?" त्यांनी आतून विचारलं.

"लग्न नाही, कलिंगड आहे," वहिनी ओरडल्या. ते ओरडणं जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत गेलं, आणि वरच्या मजल्यावरच्यांना पुन्हा वेगळं बोलावण्याची गरज राहिली नाही.

मग बर्फ कमी पडणार हे उघड होतं. बर्फाच्या कारखान्यात सुटा बर्फ मिळेना, म्हणून त्यांनी लादी आणली. ती पोत्यात गुंडाळून न्हाणीघरात ठेवली. मग पेले मोजले आणि पेले मागायला परत समोर गेले. प्रत्येक पायरीवर ते स्वतःला एकच सांगत होते, की आता एवढंच. जो माणूस रोज लोकांना "हे वाचा, आता याच्या खालची ओळ वाचा" म्हणतो, त्याला आपल्या पुढची ओळ दिसू नये, याचं त्यांना पुढे फार नवल वाटलं.

सहा वाजता सगळे आले. काका तर सहाला पाच कमी असतानाच आले. गॅलरीत चार खुर्च्या ठेवल्यावर माणसाला उभं राहायलाही जागा उरली नव्हती, म्हणून मंडळी दिवाणखान्यात बसली. खिडकीत, पलंगावर, चपलांच्या कपाटावर. वरच्या मजल्यावरच्यांनी सोबत स्वतःकडे आलेले पाहुणे आणले होते.

बायको लांबडीला घेऊन आली तेव्हा दार उघडंच होतं. दोघी हसत हसत जिना चढत होत्या. दारात आल्यावर ते हसू थांबलं.

लांबडी खरोखरच उंच होती. चौकटीखाली मान वाकवून तिने आत बघितलं. "अगं, तू म्हणालीस आपण तिघंच."

"हो," बायको म्हणाली. तिने गर्दीतून नवऱ्याला शोधून काढलं. चष्मेवाल्यांच्या हातात पेल्यांचं ताट होतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी मधेच लांबडीचा हात धरून "नवरी उंच आहे हो," असं कौतुकाने म्हटलं आणि संध्याकाळ सुरू झाली.

डॉक्टरांनी पाहुणीसाठी जागा केली. बोलता बोलता लांबडी म्हणून गेली की बर्फाचं पाणी दाताला झोंबतं. तिने म्हणायला नको होतं. डॉक्टर तिला खिडकीपाशी उजेडात घेऊन गेले आणि "आ करा" म्हणाले. तिने आ केल्यावर दुसऱ्या बाजूने काका तिला विचारू लागले की तुमची पुढची गाडी कोणती, कुठल्या फलाटावरून सुटते आणि मधे कुठे थांबते. बायको स्वयंपाकघरात एकटीच कलिंगड कापत होती. चष्मेवाले आत गेले.

"अगं, झालं असं की खुर्च्या..."

"लिंबं संपली," बायको म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती. "एवढ्यांना पाक पुरेल, पण लिंबं नाहीत."

"मी आणतो. लगेच आणतो."

ते धावतच गेले. परत आले तेव्हा कलिंगड कापलेलं होतं, पण स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाहेर असेल, असं समजून ते लिंबं पिळायला लागले. पाच-सहा पेले झाले की ते बाहेर नेऊन द्यायचे आणि गर्दीवरून नजर फिरवायचे. बायको दिसत नव्हती, लांबडीही दिसत नव्हती. एवढी उंच बाई हरवावी इतकी काही गर्दी नव्हती. पण दर वेळी कुणीतरी पेला पुढे करायचं आणि ते परत लिंबांकडे जायचे.

मधेच न्हाणीघरातली लादी वितळून पाणी पॅसेजमध्ये आलं. ते चष्मेवाल्यांनी पोत्याने टिपलं. ते टिपत असताना उघड्या गॅलरीतून खालून कुणाच्या तरी मोठमोठ्याने हसण्याचा आणि हाका मारण्याचा आवाज येत होता. दिवाणखान्यात डॉक्टर आपण सर्वांत अवघड दात कसा काढला ते सांगत होते आणि ते कुणाला नीट ऐकू येईना.

"खाली कोण एवढं ओरडतंय?" डॉक्टर म्हणाले. "जरा ते दार लावा हो."

चष्मेवाल्यांनी ओल्या हातांनी गॅलरीचं दार लावलं, वरची कडीही घातली.

कोपऱ्यात ठेवलेली लांबडीची बॅग नाहीशी झाली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. "तिची गाडी मघाशीच सुटली," काकांनी घड्याळ बघून सांगितलं. "वेळेवर सुटली असेल तर."

बायको न सांगता गेली होती. स्टेशनवर, आणि तिथून कामावर. पाहुणे उठले तेव्हा प्रत्येकाने चष्मेवाल्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की उन्हाळ्यात अशी मजा फार दिवसांनी आली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जमायला हवं. सासूबाईंनी जोडप्याला आशीर्वाद कळवायला सांगितला. ते सगळ्यांना हो म्हणाले.

रात्र त्यांनी कशीबशी काढली. बायकोने संध्याकाळसाठी एक रात्र झोपेची दिली होती आणि आपण तिची ती संध्याकाळ डॉक्टरांच्या दाढेला दिली, हा हिशेब काही केल्या सुटत नव्हता. सकाळी त्यांनी घर पुसलं, चहा केला आणि माफी कशी मागायची याची तालीम केली. बायको आली, चपला काढून खुर्चीत बसली आणि डोळे मिटून चहा प्यायली.

"चुकलं माझं," चष्मेवाले म्हणाले. "तुमची भेटच झाली नाही माझ्यामुळे."

बायकोने डोळे उघडले. "झाली की."

"कुठे?"

"खाली. काकूंच्या गॅलरीत. तुम्ही लिंबं आणायला गेलात, काकू आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि किल्ली हातात ठेवली. म्हणाल्या, आमचं घर रिकामं आहे, खुर्च्या तेवढ्या नाहीत. आम्ही अर्धं कलिंगड घेऊन गेलो. खाली फरशीवर पाय पसरून बसलो. मस्त गार होती फरशी."

चष्मेवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला. उतरता उतरता तो मधेच कुठेतरी अडकला.

"म्हणजे ते हसणं..."

"आमचंच. लांबडी तर लोळत होती."

"आणि हाका कुणाला मारत होतात?"

"तुम्हाला," बायको म्हणाली. "लांबडी म्हणाली, तुझ्या नवऱ्याला बोलव, वसतिगृहातल्या भिंतीची गोष्ट त्याच्यासमोर सांगायची आहे. मी म्हटलं, गर्दीतून नाही यायचे. तरी तिनेच हाका मारल्या. मग वरून धाडकन दार लागलं. मग आम्ही नाही मारल्या."

चष्मेवाल्यांनी गॅलरीच्या दाराच्या वरच्या कडीकडे बघितलं.

"भिंतीची कसली गोष्ट?"

बायकोला आठवणीनेच हसू फुटलं. ती सांगू लागली. भिंत होती, रात्रीची वेळ होती, लांबडी खाली वाकली होती आणि हिने तिच्या खांद्यावर पाय ठेवला होता. एवढ्यावर ती थांबली आणि तिने मान हलवली. "नाही येत मला तिच्यासारखी सांगता. त्याला तीच हवी."

"परत कधी येणार आहे ती?"

"येणार आहे. तारीखसुद्धा ठरली."

"कधी?" चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकले. "या वेळी मी काही करणार नाही बघ. खरंच. एक कलिंगड, तीन..."

"तारीख तुम्हाला सांगायची नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलंय," बायको म्हणाली आणि रिकामा कप उचलून आत गेली.

चष्मेवाल्यांना यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी शर्ट चढवला आणि दुकान उघडायला निघाले. जिन्यात काका भेटले. पुढच्या शनिवारी किती वाजता यायचं, असं त्यांनी विचारलं. इतर सगळ्यांचं येणं नक्की होतं.