नळीत अडकलेली चिंधी

वडिलांची रायफल आपल्याच हातानं साफ करायची, असं कॅप्टननी सकाळी कवळी बसवता बसवता ठरवलं, आणि तिथंच माशी शिंकली.

कॅप्टन हे गल्लीनं ठेवलेलं नाव बरं का. पलटणीत ते होते कोठारावर. जवानांना मोजे, बनियन, ब्लँकेटं वाटायचे. अख्ख्या नोकरीत शत्रूचं तोंड काही दिसलं नाही, फाटक्या मोज्यांची तोंडं मात्र पोटभर बघितली. पण चालायचे असे, की छातीवर पदकं आहेत आणि नजर लागू नये म्हणून बनियनच्या आत घातलीत.

खरे लढवय्ये त्यांचे वडील. ती रायफल छातीशी धरून चिखलातून सरपटलेले. ते निवृत्त झाले तेव्हा पलटणीनं तिचे आतले दात काढले (म्हणजे गोळी उडायची नाही, नुसती ऐट उरली) आणि त्यांना भेट दिली. तेव्हापासून ती बैठकीच्या भिंतीवर. आता पलटणीचा निरोप आला होता, की आमच्या संग्रहालयात काचेचं कपाट केलंय, रायफल नीट असेल तर वडिलांच्या नावाच्या पाटीसकट त्यात ठेवू. रविवारी मेजरसाहेब तपासणार. गंजलेली निघाली तर आपली परत घेऊन जा.

बापाचं नाव काचेत लागणार! कॅप्टनना घास गोड लागेना.

बायको म्हणाली, "अहो, बाजारात तो बंदुका दुरुस्त करणारा बसतो, त्याला द्या. त्याचं पोटच त्याच्यावर आहे."

"माझ्या बापाची रायफल परक्याच्या हातात? मी पलटणीतला माणूस आहे!"

"आहातच हो. पण मोज्यांच्या पलटणीतले."

कॅप्टननी तिकडं कानाडोळा केला. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक हत्यार ओळीनं मांडलं. पितळी तारांचा ब्रश, जुना टूथब्रश, बंदुकीच्या तेलाची कुपी, लाकडासाठी जवसाचं तेल, आणि वडिलांच्या वेळची एक लांब दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. वजन मागून नळीत सोडायचं, ते तोंडाकडून बाहेर आलं की फासात चिंधी अडकवायची आणि ओढायचं. नळी आतून पुसली जाते. एवढं साधं काम, पण कॅप्टन ते असं समजावून सांगायचे की ऐकणाऱ्याला लढाई परवडली.

"हात लावू नकोस! ऑपरेशन आहे."

"बरं डॉक्टर. आम्ही जेवायचं कुठं?"

आधी उकळतं पाणी. बंदुकीच्या जुन्या दारूचा खार तेलानं जात नाही, पाण्यानंच विरघळतो. हे खरंय, वडील असंच करायचे. पण नरसाळ्यातनं नळीत ओतलेलं पाणी दुसरीकडून बाहेर येतं, आणि दुसरीकडं आपले पाय आहेत, हे काही वडिलांनी सांगितलं नव्हतं. कॅप्टन ओरडले नाहीत. जवान ओरडत नाही. त्यांनी फक्त जागच्या जागी जरा जोरात मार्च केला.

"फडकं आण!" ते म्हणाले. "जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं फ्लॅनेल. तुझा तो हिवाळ्यातला गाऊन..."

"गाऊनकडं नुसतं बघून दाखवा."

बायको आत गेली. कात्रीचा कचकच आवाज आला. बाहेर आली ती हातात राखी रंगाच्या तुकड्यांचा ढीग, आणि चेहरा असा, की जणू त्या गावचीच नाही.

"घ्या. पलटणीचाच माल आहे."

कॅप्टननी एक तुकडा अंगठ्याखाली चोळला. कोठारवाल्याचा अंगठा तो. कापड ओळखीचं वाटलं. "वा! याला म्हणतात कापड! माणूस विरेल, हे विरायचं नाही. असला माल आम्हीच वाटायचो."

"म्हणूनच तर दिला," बायको म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. (हसू आलं की ती नेहमी आतच जाते.)

पण खोटं कशाला बोलू, काम त्यांनी सुरेख केलं. पहिली चिंधी कोळशासारखी काळी आली, दुसरी तपकिरी, मग राखी, आणि शेवटी गेली तशी कोरी बाहेर. लाकडाला जवसाचं तेल तळहातानं जिरवत बसले. दस्त्याला एका जागी वडिलांच्या अंगठ्यानं खळगा पडला होता. त्यात यांचा अंगठा नेमका बसला. बराच वेळ त्यांनी तो काढलाच नाही.

तिथंच थांबले असते तर सोनं झालं असतं. पण एक शेवटचा हात मारावा म्हणून त्यांनी ढिगातला सगळ्यात जाड, दुहेरी शिवणीचा तुकडा उचलला.

"अहो, तो नको. जाड आहे."

"जाड तेवढा घासतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

चिंधी नळीच्या मधोमध जाऊन बसली. ओढली, हलेना. टेबलाला पाय लावून ओढली. तेव्हा दोरी तुटली आणि कॅप्टन उताणे भाजीच्या टोपलीत.

"काय पडलं हो?"

"काही नाही! टोमॅटो!"

नळीत डोकावले तर काळोख. केरसुणीची काडी घालून बघितली, मोडली. विणायची सुई पोचेना. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू, तिच्या नळीत कोण कशाला डोळा लावतंय? बायकोला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

रविवारी थंडी मी म्हणत होती.

"अगं, माझी लांब गरम चड्डी कुठाय? पलटणीची?"

"हरवली असेल कुठंतरी."

"हरवेल कशी? कमरेवर माझा नंबर आहे!" (पलटणीत प्रत्येकाच्या कपड्यावर त्याचा नंबर काळ्या शाईनं मारतात. धुलाईत अदलाबदल नको म्हणून.)

"मग काय, नंबर आहे तर येईल आपोआप हजेरीला. चला आता."

कॅप्टन चड्डीशिवाय निघाले. म्हणजे लांब चड्डीशिवाय, उगाच भलतं समजू नका.

हॉलमध्ये पलटणीचे म्हातारे झाडून जमले होते. मेजरसाहेब निघाल्या बाई, नातीच्या वयाच्या. त्यांनी रायफल हातात घेतली, लाकडावरनं हात फिरवला, मान डोलवली. कॅप्टनची छाती वीतभर पुढं आली. आणि दुसऱ्या क्षणी बाईंनी बोल्ट मागं खेचला, नळी खिडकीकडं धरली आणि डोळा लावला.

"आत अंधार आहे."

"आज ढगाळ आहे मॅडम," कॅप्टन म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

बाईंनी लोखंडी गज मागवला, मागून घातला आणि दाबला. पुक् करून एक गोळा टेबलावर पडला. त्यांनी तो चिमटीत धरून उलगडला. त्याला एक काज होतं. काजाशेजारी काळी शाई होती. आणि बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं, "चार, सात, शून्य, दोन, नऊ!"

आता हा नंबर उभ्या नोकरीत रोज हजेरीला पुकारला गेलेला. डोक्यानं विचार करायच्या आत टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला आणि कॅप्टन गरजले,

"हजर, साहेब!"

सगळा हॉल वळला. कॅप्टननी काज बघितलं, शिवण बघितली, मग हळूच बायकोकडं बघितलं. बायको छताचं रंगकाम बघत होती.

मेजरबाईंचे ओठ थरथरत होते, पण वर्दीला जागल्या, हसल्या नाहीत. पुन्हा नळीला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"आरसा आहे," त्या म्हणाल्या. "नवी असताना असेल तशी. रायफल आमची. साफ कुणी केली?"

कॅप्टननी आधी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी उभा आहे का. एवढ्या वर्षांत वडिलांनीसुद्धा कधी त्यांना वा म्हटलं नव्हतं.

"यांनीच हो!" बायको ओरडली. "बापाच्या नावासाठी अंगावरचं कापड काढून दिलं माणसानं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या.

आता काचेच्या कपाटात रायफल आहे, वडिलांच्या नावाची पितळी पाटी आहे, आणि खाली कोपऱ्यात, मेजरबाईंच्या हट्टानं, नंबराचा तो तुकडाही आहे. कॅप्टन येईल त्या पाहुण्याला तिथं घेऊन जातात. कपाटापुढं कडक सलाम ठोकतात.

"कुणाला ठोकलात? रायफलला की चड्डीला?" बायको विचारते.

"वडिलांना."

"बरं बरं. मग जरा वर बघून ठोका. चड्डी खाली आहे."

दारावरचा पहारेकरी तर त्यांना लांबूनच ओळखतो. इतकी वर्षं वाटायचं ना, पलटणीत आपल्याला कुणीतरी ओळखावं? ओळखतो. नाव नाही विचारत. फाटकातून दिसले की नंबर पुकारतो, कॅप्टनच्या टाचा जुळतात, आणि आतल्या पाहुण्यांना तो मोठ्या अभिमानानं सांगतो, "सरका, सरका, चड्डीचे मालक आलेत!"