निळ्या दोऱ्याची खूण

धाकटा भाऊ दवाखान्यातून सुटून राहायला आला, त्याच दिवशी ताईने त्याच्या टॉवेलला निळा दोरा टाचला. ती शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोऱ्याची खूण करायची तिच्या हाताला सवय. मग चादरीला टाका पडला, उशीला पडला, कपाच्या कानातही निळी गाठ आली. भावाला एचआयव्ही आहे हे तिने शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नव्हतं. घरातल्या भांड्याकुंड्यांना मात्र झाडून कळलं होतं.

भाऊ वेगळं ताट घेऊन खिडकीपाशी एकटाच जेवायचा.

एका सकाळी दाजींच्या डोळ्यांत साबण गेला. चाचपडताना हाताला लागला तो टॉवेल त्यांनी तोंडावरून फिरवला, डोळे उघडले, तर समोर निळा दोरा. त्यांनी तोंड पुन्हा धुतलं, मग जंतुनाशकाने धुतलं, पार नाक सोलवटून निघेपर्यंत. त्या दिवसांत सर्दीची साथही होतीच. दुसऱ्या दिवशी शिंका सुरू.

"झालं. लागण झाली," दाजी अंथरुणातून खोल आवाजात म्हणाले. "शिलाई मशीन तुझ्या नावावर करून टाकतो."

"ते माझंच आहे," ताई म्हणाली, आणि तीही शिंकली.

दोघं तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. टॉवेलने होत नाही, कपाने होत नाही, शेजारी बसून जेवल्याने तर नाहीच, त्यांनी सांगितलं. होतो तो असुरक्षित संबंधांतून, बाधित रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला.

"तुम्हाला साधी सर्दी झालीय," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगात अजून ताकद भरायचीय. सांभाळायचंच असेल, तर त्याला तुमच्यापासून सांभाळा."

घरी येताच ताईने कात्री घेतली आणि एकेक टाका उसवला. टॉवेलवर बारीक भोकं तेवढी राहिली.

जेवणं वाढून झाल्यावर ती खिडकीपाशी भावासमोर जाऊन बसली. लहानपणी दोघं एकाच ताटात जेवायची. त्या हक्काने तिने त्याच्या भाताकडे हात नेला.

भावाने ताट हळूच आपल्याकडे ओढलं.

"ताई, तुला सर्दी आहे ना," तो म्हणाला.

तो हसतोय का, हे बघायला तिची मान काही वर झाली नाही.