व्यत्यय, स्थानिक स्वरूपाचा

लांबचे ऐकणे हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण आहे. जवळचे काय, गुरेही ऐकतात. गोठ्याबाहेर पेंढा सळसळला की म्हैस लगेच मान वळवते. पण आठ हजार मैलांवर कोणी पेंढा टाकला तर तिला पत्ताही लागत नाही. माणूस आणि म्हैस यांच्यातला हा फरक आमच्या उसरदांडी गावाच्या ध्यानात आला, आणि रविवार, दिनांक ३ मार्च १९६३ रोजी 'उसरदांडी दूरस्थ केंद्र श्रवण मंडळ' स्थापन झाले. मी त्याचा चिटणीस. पोटासाठी गावचे पोस्ट सांभाळतो.

गाव या कामासाठी देवानेच राखून ठेवलेले असावे. बोईसरला गाडीतून उतरायचे, तारापूरच्या अंगाने बैलगाडीत अडीच तास हाडे खिळखिळी करून घ्यायची, मग खाडी, मग खाजण आणि मग आम्ही. आमच्यापुढे थेट अरबी समुद्र. मध्ये डोंगर नाही, गिरणी नाही, विजेचा खांब नाही. वीज नसल्यामुळे रेडिओत खरखर नाही. सरकारने गावाला काहीच न दिल्यामुळे हवा इतकी निर्मळ राहिली, याबद्दल मंडळाने पहिल्याच बैठकीत सरकारच्या आभाराचा ठराव केला (पोच आली नाही).

रेडिओ अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे कमलाकांत चुरी, पानवेलीच्या वाडीचे मालक. चार वॉल्व्हचा सेट, आणि त्याला लागणारी कोरडी बॅटरी इतकी जड की पालघरहून ती आणताना बैल दोनदा बसला. ती पुरवून वापरायची म्हणून रोज संध्याकाळी एकच तास श्रवण. आता एकच तास हाताशी असताना तो जवळच्यावर उधळायचा की लांबच्यावर, हे कोणाही विचारी माणसाला सांगावे लागणार नाही. त्यातून मंडळाचे नियम जन्मले. सगळे देत नाही, नमुन्यादाखल तीन:

नियम ३. पाचशे मैलांच्या आतले केंद्र हे केंद्र समजले जाणार नाही. (मुंबई साठ मैल. मुंबई हे केंद्र नसून शेजार आहे, असे अध्यक्षांचे मत पडले.)

नियम ४. कार्यक्रम समजत असल्यास ते श्रवण नव्हे, करमणूक होय. (सिलोन यामुळे बाद. दोन सभासदांनी राजीनामे दिले. ते स्वीकारण्यात आले.)

नियम ७. श्रवणाच्या वेळेत स्थानिक आवाजाकडे लक्ष देणाऱ्या सभासदाचे नाव कमी करण्यात येईल.

नियम ७ कागदावरच राहिला असे कोणी समजू नये. एका संध्याकाळी कुंपणावरून हाक आली, "देवू, मुलगा झाला." आमचे सभासद देवू उठून धावत गेले. त्यांचे नाव तिथल्या तिथे कमी केले. बारशाला मंडळाने अभिनंदनाचे पत्र पाठवले, तेही टपालाने.

छंदाची कार्यपद्धती सोपी आहे. लांबचे केंद्र लावायचे. त्याचा जोर, त्यातले दुसऱ्यांचे आवाज, आकाशातली कडकड, सूर मध्येच बुडणे आणि एकंदर दर्जा, अशा पाच गोष्टींना एक ते पाच गुण द्यायचे. ते इंग्रजीत लिहून केंद्राला पाठवायचे. केंद्र खूश होऊन एक रंगीत कार्ड पाठवते. ते भिंतीला लावायचे. सन १९६५ची आकडेवारी पुढीलप्रमाणे: ऐकलेले तास ३११, ऐकलेले देश ४७, आलेली कार्डे २९, समजलेला मजकूर निरंक. इंग्रजी लिहिण्याचे काम आमचे कृष्णकांत सावे गुरुजी करीत. त्यांना या पाच आकड्यांची इतकी गोडी लागली की शाळेतली मुले कविता म्हणू लागली की ते डोळे मिटून गुण देत. अध्यक्षांच्या मंदावहिनींनी केलेल्या पोह्यांनाही त्यांनी एकदा ४-५-५-२-४ दिले होते. वहिनींनी दोनचे कारण विचारले. गुरुजी म्हणाले, "चव मध्येच बुडते." त्यानंतर पोहे बंद झाले.

त्या वर्षी आमच्यापासून पाच मैलांवर वीजघराच्या कामासाठी अमेरिकन साहेब बायकामुलांसह राहायला आले होते. मंडळाने अमेरिकेला तेवढ्यात अकरा पत्रे धाडली. पाच मैल चालत जाऊन त्यांना भेटावे असे कोणी सुचवले नाही. भेटल्याचे कार्ड मिळत नाही.

आता एरियलबद्दल, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे घडले. एकशे वीस फूट तांब्याची तार उंचावर ताणावी लागते. ती आधी दोन नारळांना बांधली. नारळ डोलले आणि तार तुटली. वाडीच्या कुंपणापलीकडे हिराबायची वलांडी होती. बोंबील वाळत घालायला बांबू रोवून दोऱ्या बांधतात ती वलांडी. भक्कम, मोकळ्या वाऱ्यात आणि समुद्राकडे तोंड केलेली. हिराबायने तार बांधू दिली. तिची अट एकच: रोज संध्याकाळी मुंबई दर्यावरच्या हवेबद्दल काय सांगते तेवढे मंडळाने तिला कळवावे. तिचा नवरा नामदेव डोलीवर, म्हणजे खोल पाण्यात डोल जाळे लावायला, जातो, आणि कोळीवाड्यात रेडिओ नाही. मंडळाने अट एकमताने मान्य केली व अंमलबजावणीसाठी गुरुजींची एकसदस्य उपसमिती नेमली. नियम ३ आड येत असल्याने उपसमितीला काम सुरू करता आले नाही. हिराबाय अधूनमधून विचारायची. काम चालू आहे असे आम्ही सांगायचो, आणि ते खोटे नव्हते, कारण ते संपलेले नव्हते.

एकदा मासळी फार आली. दोरीवर जागा उरली नाही, तेव्हा हिराबायने उरलेले बोंबील आमच्या तारेवर टाकले. त्याच संध्याकाळी हाल्मरविक नावाच्या बर्फाळ बेटावरचे केंद्र, जे आजवर कुजबुजत होते, खणखणीत ऐकू आले. शास्त्र हे असेच पुढे जाते. गुरुजींनी रिपोर्टात लिहिले, "एरियल १२० फूट, बोंबिलांसह." तिथल्या मुख्य अभियंत्याचे उलट टपाली पत्र आले: बोंबील कोणत्या कंपनीचे? मंडळाने कळवले की बनावट स्थानिक असून लांबी नऊ इंच, जबड्यात जबडा अडकवून जोडीने बसवतात, आणि चार दिवसांनी बदलावे लागतात. त्याने नमुना मागवला. बारा नगांचे पार्सल मी स्वतः लाखेने बंद केले. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत टपालवाल्याने काठीच्या टोकाला अडकवून, हात लांब धरून नेलेले ते एकमेव पार्सल. सात महिन्यांनी पोच आली. नमुना मोजला, मग तपासला, मग खाल्ला, असे अभियंत्याने लिहिले होते, आणि पुढे: "आमच्या बेटावरही लोक मासे असेच वाऱ्यावर वाळवतात." मंडळाने हे पत्र तांत्रिक स्वरूपाचे ठरवून दप्तरी लावले.

आणि मग १७ नोव्हेंबर १९६६, गुरुवार. त्या दिवशी हाल्मरविक जगभरातल्या आपल्या निष्ठावंत श्रोत्यांची नावे वाचणार होते. उसरदांडीचे नाव यादीत असल्याचे त्यांनी आधीच कळवले होते. वेळ आमच्या घड्याळाने संध्याकाळी सहा ते साडेसहा. आम्ही पाचही सभासद धुतलेले कपडे घालून अध्यक्षांच्या ओटीवर पावणेसहालाच बसलो. अध्यक्षांनी टोपी घातली होती. आकाशातली कडकड भलतीच वाढली होती. गुरुजींनी तिला दोन गुण दिले व हाल्मरविकची मनोमन माफी मागितली.

सहा वाजून पाच मिनिटांनी हिराबाय पायरीशी आली. मी दाराकडेला असल्याने तिने मलाच धरले.

"पोस्टमास्तर, वारा फिरलाय. दोन दिस झाले, बोंबील सुकत नाय. आमचा नामदेव भरतीला होडी काढतोय, आन् त्याच्यामागं आख्खा कोळीवाडा. माजा आयकत नाय. बोलतो, मुंबय बोलली तर थांबेन. जरा मुंबय लावा. दोनच मिंटं."

भरती पावणेसातला होती. अध्यक्षांनी तिच्याकडे न बघता एक बोट वर केले. मंडळात याचा अर्थ 'कार्यक्रमानंतर' असा होतो. हिराबाय मंडळाची सभासद नसल्याने तिला तो कळला नसावा, कारण तिने तेच पुन्हा सांगितले, आणि मग तिसऱ्यांदा, आधीपेक्षा मोठ्याने. गुरुजींनी रिपोर्टात नोंद केली: "व्यत्यय: स्थानिक. स्त्रीचा आवाज. मध्यम." मग 'मध्यम' खोडून 'मध्यम ते तीव्र' केले. गुरुजी नोंदीच्या बाबतीत फार प्रामाणिक.

मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. तिचा श्वासही ऐकू येत होता. मी मान वळवली नाही. म्हशीने वळवली असती.

"बरा," हिराबाय म्हणाली. "मग पाऊस यायच्या आत माजे बोंबील तरी उतरवते."

वलांडी तिची, बोंबीलही तिचे. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. तिने टोपली घेतली आणि दोरीवरचे व तारेवरचे बोंबील ओरबाडायला सुरुवात केली. इकडे निवेदक 'एच' अक्षराचे देश संपवून 'आय'कडे येत होता. अध्यक्षांनी टोपी सरळ केली. तेवढ्यात वलांडीचा एक बांबू कलला, तार जमिनीवर आली, आणि हाल्मरविक जगाच्या पाठीवरून नाहीसे झाले.

अध्यक्ष सेटवर तुटून पडले. सगळी बटणे एकदम फिरवली. आता रेडिओचा स्वभाव असा की तार नसली की लांबचे कोणी येत नाही, जवळचे मात्र येते. मुंबई ऐकायला साधा खिळासुद्धा पुरतो. तसे ते मुंबईचे शेजारी बोलावणे नसताना ओटीवर आले आणि घसा फोडून सांगू लागले, "उत्तर कोकण किनाऱ्यालगत आज रात्री तुफानी वारे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मच्छीमारांनी..."

अध्यक्षांनी नियम ३ अन्वये सेट बंद केला.

पण कुंपणापलीकडे ते पोहोचले होते. भरलेली टोपली तिथेच वाळूत पडली आणि हिराबाय साडीचा काष्टा खोवून किनाऱ्याकडे पळत सुटली. पळताना ती "मुंबय बोलली, मुंबय बोलली" असे ओरडत होती. हा आवाज, कार्यक्रमच बंद पडलेला असल्याने, रिपोर्टात घेतलेला नाही.

नामदेवचा एक पाय होडीत होता असे नंतर समजले. आठ होड्या होत्या, त्रेचाळीस माणसे. सगळ्या होड्या ओढून वर सुरूच्या बनात नेल्या. तासाभरात वारा आला तो शाळेची कौले, अध्यक्षांच्या पानवेली आणि तीन डोलकाठ्या घेऊन गेला. माणूस एकही गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नामदेव पोस्टात आला. त्याला काही घ्यायचे नव्हते. खिडकीशी नुसताच उभा राहिला, मग म्हणाला, "मास्तर, मंडळाचे उपकार हायत. तुमी मुंबय लावलीत." मी शिक्के मारत राहिलो. त्या दिवशी काही पत्रांवर दोन-दोन शिक्के पडले.

रिपोर्ट नियमाप्रमाणे रवाना झाला: जोर ४, कडकड २, व्यत्यय स्थानिक, सहा वाजून बावीस मिनिटांनी श्रवण खंडित, कारण एरियलमधील बोंबील मालकिणीने काढून नेले.

मार्चमध्ये हाल्मरविकहून पाकीट आले. कार्ड होते, पण सोबत अभियंत्याच्या हातचे पत्रही होते. गुरुजींनी बैठकीत त्याचे मराठी करून वाचले. आकडे नेहमीप्रमाणे उपयोगी असल्याचे त्याने कळवले होते. मग लिहिले होते: "एक विचारतो. त्या बाई काय सांगत होत्या? आमच्याकडे होड्या सुटायच्या वेळेला कोणी बाई दारात येऊन ओरडते, ती उगाच नाही ओरडत. तुमच्या होड्या सुखरूप आहेत ना?"

अध्यक्षांनी विषय कामकाजावर घेतला व प्रत्येकास विचारले की त्या बाई काय सांगत होत्या. गुरुजींना आवाजाचा जोर आठवत होता, मजकूर नाही. इतर दोघांना बाईच आठवेना. माझी पाळी आली. मला सगळे पाठ होते. पण सांगितले असते तर मी श्रवणाच्या वेळेत स्थानिक आवाजाकडे लक्ष दिल्याचे सिद्ध झाले असते, आणि नियम ७ चिटणिसालाही सोडत नाही. "कल्पना नाही," मी म्हणालो. मला लाज वाटली. ती अजून वाटते. इतिवृत्तात नाही म्हणून इथे लिहिली.

उत्तर ठरले ते असे: "सदर व्यत्ययाची चौकशी चालू आहे. पुन्हा असे घडणार नाही." ते अध्यक्षांच्या सहीने गेले. पत्र चौकटीत बसवून भिंतीच्या मध्यभागी लावले आहे. इतक्या लांबून विचारपूस होण्याचा तो जिल्ह्यातला विक्रम असावा. हिराबायने वलांडी खाडीकडे हलवली. तेव्हापासून श्रवण दोन गुणांच्या वर जात नाही.

म्हणून मंडळ नवे सभासद घेत आहे. अर्जात प्रश्न एकच: गेल्या महिन्यात शेजारचे माणूस तुमच्या दाराशी येऊन काय सांगत होते? ज्याला आठवेल त्याचा अर्ज नामंजूर. आजवर एकही अर्ज नामंजूर करावा लागलेला नाही. आपण तर इतक्या लांबच्या गावाची हकीकत अगदी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलीत, तेव्हा आपला अर्ज मी आधीच भरून ठेवला आहे. फक्त सही राहिली आहे. मघापासून आपल्या दाराशी कोणीतरी उभे आहे. मान वळवू नका.