दलदलीवरचा डोळा

गुनबोर्ग निएमीने तिकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत टाकलेला चीजचा तुकडा चमच्याने तळाशी दाबून धरला आणि विचारलं, "तुमच्या त्या फुग्यातून काय काय दिसतं?"

दूर उत्तरेच्या त्या गावच्या सभागृहात सगळ्यांच्या माना तोर्केलकडे वळल्या. तोर्केल हा इंजिनिअर दक्षिणेकडून आलेला, म्हणजे अर्धा संशयित आधीच.

"फुगा नाही बाई, वायूने भरलेलं, बिनपंखांचं हवाई जहाज आहे ते. विमानांच्या दुप्पट उंचीवर एका जागी थांबतं. वर हवा विरळ, ढग सगळे खाली. त्यावरच्या दुर्बिणीला तारे स्वच्छ दिसतात. शिवाय त्याच्यामुळे आता फोनही रानावनात..."

"किती लांबचं दिसतं?"

"आपला सूर्य जन्मायच्या आधी निघालेला उजेडसुद्धा."

"आणि खालचं?"

"दुर्बिणीचं तोंड वर आहे, बाई."

"माझे थोरले दीर चर्चमध्ये वरच तोंड करून बसायचे. कुणाच्या टोपीला कुठलं पीस, ते त्यांनाच ठाऊक असायचं."

लोक हसले. गुनबोर्ग हसली नाही. दलदलीत योर्ट्रोनची पिवळीधमक रानफळं पिकायला लागली होती. त्या मुलखात माणूस एक वेळ आपल्या पोटातलं दुखणं सांगेल, पण फळं कुठे वेचतो ते सांगणार नाही. गुनबोर्गला तिची जागा तिच्या आईने मरताना कानात सांगितली होती. पोटच्या पोराला ठाऊक नव्हती, मग सून मारितला कुठून असणार? आणि शेजारची तीरा! ती तर गुनबोर्गच्या मुरंब्याची बरणी बघितली की नुसती चव घ्यायची नाही, डोळे मिटून माती ओळखायला बघायची.

पृथ्वीच्या आधीचं ज्याला दिसतं, त्याला गुनबोर्गची बादली दिसणार नाही? आज त्या डोळ्याला दिसली, की उद्या तोर्केलला, परवा अख्ख्या गावाला.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचं जुनं शिकारीचं जाकीट चढवलं, डोक्याच्या रुमालात बर्चच्या फांद्या खोवल्या. आधी ती भलत्याच दिशेला गेली. तिथल्या नापीक दलदलीत वाकून वाकून तिने रिकाम्या बादलीत फळं टाकल्याचं सोंग केलं. वरच्या डोळ्याला वाटावं, हीच ती जागा. डास चावले तरी मारायला हात उचलला नाही. मग झाडांच्या सावलीसावलीने खऱ्या जागी पोचली. फळं अशी लगडली होती की डासांना घातलेल्या शिव्यासुद्धा मऊ निघाल्या.

बादली निम्मी झाली आणि तिच्या खिशात फोन वाजला.

गुनबोर्ग पटकन झुडपाआड वाकली. मुलाच्या हट्टाखातर ती फोन बाळगायची, पण इथे तो आजवर दगडासारखा मुका होता. आता मात्र लग्नातल्या बँडसारखा दलदलभर घुमत होता. तिने तो रुमालात दाबला, जाकिटात दाबला, शेवटी घाईघाईने कानाला लावला.

"आई, कुठे आहात तुम्ही? सकाळपासून पत्ता नाही."

"तीराकडे बसलेय गं. कॉफी पितेय."

पलीकडून मारित म्हणाली, "मी तीरामावशींच्याच स्वयंपाकघरात उभी आहे. त्याही घरात नाहीत. एवर्टकाका आत्ता बायकोलाच फोन लावतायत."

एवढ्यात समोरच्या खुरट्या झाडामागून दुसरा फोन वाजला. झाड हललं. त्याच्या फांद्यांतून शेवाळाने माखलेली टोपी वर आली आणि टोपीखाली तीरा.

"गुनबोर्गकडे आहे हो मी," ती फोनमध्ये पुटपुटत होती. "कॉफी..." मग तिने समोर बघितलं.

दोघींनी फोन बंद केले.

"माझ्या आईची जागा आहे ही," गुनबोर्ग म्हणाली.

"माझ्या आजीची."

"म्हणजे इथली पूर्वेकडची फळं दरवर्षी तू..."

"आणि पश्चिमेकडची तू? मला वाटायचं, अस्वल खातं."

"मला पण."

तीराने टोपीवरचं शेवाळ झटकलं. "आता सांगायचं काय घरी?"

"काय सांगायचं? अर्ध्या वाटेत भेटलो, बोलत बसलो."

"आपण दोघी? बोलत बसलो? कोण विश्वास ठेवेल?"

ते मात्र खरं होतं. गुनबोर्गने विचार केला आणि म्हणाली, "मग भांडत बसलो म्हणून सांगू."

त्यावर गावाने चटकन विश्वास ठेवला. तेव्हापासून दोघी रोज सकाळी भांडायला म्हणून रानात जातात. वर तो डोळा अजून आहे म्हणतात. गुनबोर्गला तिकडे बघायला फुरसत नाही. तीराची बादली आपल्यापेक्षा लवकर का भरते, इकडे लक्ष ठेवावं लागतं.